पानिपत जिंकले असते तर?

डॉ. जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आपल्या विद्यालयातील पुष्कळ विद्यार्थ्यांनी वाचली असेल. तिचे इंग्रजी रूप राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले आहे. त्यामुळे ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्याही कानी तिचे नाव ज्येष्ठ बंधुभगिनींच्या तोंडून पडले असणे संभवनीय आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हे एका अपघातामुळे अशा जगात जाऊन पडतात, की जेथे १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर मराठ्यांचा जय झालेला आहे. आपल्या जगात विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी तेथे त्यांच्या कानाजवळून निघून गेली, एवढाच काय तो फरक. परंतु तेवढ्या फरकाने हिंदुस्थान पारतंत्र्यात गेला नाही, आणि इंग्रजांची सत्ता मुंबईसारख्या मोजक्या ठिकाणीच उरली. गंगाधरपंत पुण्याहून आगगाडीने मुंबईस येतात. कर्जत सोडून कल्याणकडे धावणारी गाडी आपल्या बदलापुरावरूनच जाते. तेव्हा त्या दुसऱ्या जगातील गाडीही कुळगावच्या शिवारातून गेली असली पाहिजे, आणि आपले गाव स्वराज्याच्या हद्दीत असले पाहिजे! हा तपशील लेखकाने सांगितलेला नाही. परंतु कथा वाचताना तो मनात आल्यावाचून राहात नाही.

अशा वाङ्मयाविषयी काही वडीलधाऱ्या मंडळींचे मत अनुकूल नसते. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ या म्हणीवर त्यांचा सारा युक्तिवाद संपतो. जे घडले ते पाठ करावे, परीक्षा द्यावी, न घडलेल्याचा काथ्याकूट कशास? हा आक्षेप प्रस्तुत लेखकास मान्य नाही. अमुक कारणामुळे तमुक झाले असे इतिहासकार म्हणतो, तेव्हा ते कारण नसते तर ते कार्यही झाले नसते असेच तो सुचवीत असतो. जर-तर हा प्रत्येक कारणमीमांसेच्या पोटात दडलेला आहे; कथाकार तो उघडपणे मांडतो, एवढेच. पाश्चात्त्य देशांत या प्रकाराला प्रतिष्ठाही लाभली आहे. १९३१ साली जे. सी. स्क्वायर यांनी अशा निबंधांचा एक संग्रह प्रसिद्ध केला, त्यात विन्स्टन चर्चिल यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गची लढाई दक्षिणेकडील राज्यांच्या सेनापतीने जिंकली असे गृहीत धरून लिहिले होते. फिलिप के. डिक यांच्या १९६२ च्या कादंबरीत दुसऱ्या महायुद्धात जर्मनी व जपान विजयी झालेले आहेत. आणि मौज अशी, की त्या जगात एक लेखक चोरून वाचली जाणारी कादंबरी लिहितो, जीत दोस्तराष्ट्रे जिंकतात! परंतु त्या कादंबरीतील विजयानंतरचे जगही हुबेहूब आपल्यासारखे नाही. या एका युक्तीने त्या ग्रंथकाराने फार मोठी गोष्ट सांगितली आहे असे मला वाटते.

माझी तक्रार निराळी आहे, आणि ती कथेविषयी नसून कथा वाचणाऱ्यांविषयी आहे. पुष्कळ तरुण वाचक ही कथा वाचून एवढेच घेऊन उठतात, की एका गोळीने आपला घात केला, नाहीतर सारे जग आपल्या पायाशी असते. नारळीकरांनी असे म्हटलेले नाही. त्यांच्या त्या विजयी जगातही सभा उधळल्या जातात, आणि आगंतुकपणे व्यासपीठावर चढलेल्या बिचाऱ्या गंगाधरपंतांवर श्रोते हाती येईल ते फेकतात. ते शास्त्रज्ञ होते. अल्पशा कारणाने घटनेला भिन्न वळण कसे लागू शकते, हा त्यांचा विषय. वाचकाने मात्र त्या गोळीवर पराभवाचे सारे ओझे टाकून मोकळे व्हावे, हे उचित नव्हे.

कारण पानिपतावर मराठे गोळीने मेले त्याच्या कितीतरी आधी ते उपासमारीने खचले होते. १७६० च्या ऑगस्टात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला. त्याच महिन्याच्या अखेरीस अहमदशहा अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि मराठे व दिल्ली यांच्या मध्ये उभा राहिला. घरची वाट शत्रूच्या पाठीमागे, अशी ही विपरीत स्थिती. छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायकामुले होती, तीर्थयात्रेच्या आशेने आलेले लोक होते, बाजारबुणगे होते. त्या सर्वांच्या तोंडी रोज घास पडावयास हवा होता. अब्दालीची रसद तोडण्याच्या कामी असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि त्यानंतर धान्याची टंचाई असह्य झाली. जानेवारीच्या १४ तारखेस मराठे बाहेर पडले ते शुभ मुहूर्त पाहून नव्हे. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरावे या निश्चयाने पडले. तशा अवस्थेतही दुपारपर्यंत पारडे त्यांच्या बाजूस झुकले होते, आणि त्याचे श्रेय बव्हंशी इब्राहिमखान गारदी याच्या तोफखान्यास व पलटणींस आहे. धर्माने मुसलमान असलेला हा सरदार भाऊंचे मीठ खाऊन शेवटपर्यंत लढला आणि शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. पलीकडच्या गोटात शुजाउद्दौल्याच्या पदरी काशीराज पंडित नावाचा दक्षिणी ब्राह्मण होता, आणि त्याने लिहिलेली हकीकत आज या लढाईचे एक मुख्य साधन आहे. ‘ते’ आणि ‘आपण’ अशी सरळ वाटणी करू पाहणाऱ्यांनी ही दोन नावे ध्यानी ठेवावीत. भरतपूरचा सूरजमल जाट भाऊंना सोडून गेला होता; तथापि पराभवानंतर जीव घेऊन पळालेल्यांना अन्नवस्त्र दिले ते त्यानेच. विश्वासरावांची गोळी चुकली असती तरी सूरजमल परत येऊन उभा राहिला नसता, आणि गोविंदपंतांचे धान्यही आले नसते.

बरे, पानिपत गमावल्यामुळेच राज्य गेले काय? नानासाहेब पेशवे त्या दुःखाने १७६१ च्या जूनमध्ये पर्वतीवर वारले हे खरे. परंतु अब्दालीही दिल्लीस टिकला नाही. तो स्वदेशी परतला. १७६३ साली माधवराव पेशव्यांनी राक्षसभुवनास निजामाचा पराभव केला, आणि १७७२ च्या आरंभी महादजी शिंद्यांनी शहाआलम बादशहास दिल्लीच्या तख्तावर आणून बसविले. बंगालमध्ये इंग्रजांचे पाऊल रोवले गेले ते १७५७ साली प्लासीवर, म्हणजे पानिपताच्याही पूर्वी.

याहून अधिक बोलके उदाहरण आपल्या उंबरठ्याशीच आहे, आणि ते आपण विसरलो आहो याचे मला नवल वाटते. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसविण्याच्या मिषाने मुंबईकर इंग्रजांनी सुमारे चार हजारांची फौज पनवेलमार्गे बोरघाटाने वर चढविली. कुळगावाहून पश्चिमेस जी डोंगराची रांग दिसते, तिच्यापलीकडून हे सैन्य गेले. ते अत्यंत मंद गतीने पुढे सरकत असता मराठ्यांनी त्यांची रसद तोडली. १७७९ च्या ४ जानेवारीस कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, ज्याला आपल्या लोकांनी ‘इष्टुर फाकडा’ म्हणून गौरविले, तो पडला. तळेगाव गाठावे तो ते जाळून ओस टाकलेले! अखेर इंग्रजांनी जड तोफा तळ्यात लोटून रातोरात माघार घेतली, वडगावास ते पुरते वेढले गेले, आणि त्यांनी तह लिहून दिला: १७७३ पासून घेतलेला सर्व मुलूख, साष्टीसुद्धा, परत करावयाचा. पानिपतावर मराठ्यांचे जे झाले तेच येथे इंग्रजांचे झाले. अन्न तुटले आणि वाट अडली.

म्हणजे ‘जिंकले असते तर’ म्हणण्याचे कारणच नाही. येथे आपण जिंकलोच होतो. पुढे काय झाले? मुंबईकरांनी व कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्सने तो तह फेटाळला. मराठ्यांच्या ताब्यात आलेले राघोबादादा निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले. दुसऱ्याच वर्षी, १७८० साली, आपले कल्याण इंग्रजांनी घेतले आणि डिसेंबरात वसईही घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, साष्टी गेली ती गेलीच. पुढे त्याच वसईत, जी चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून जिंकली होती, १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज आपण होऊन पत्करली.

आपल्यासारख्या मिशनच्या शाळेत या चर्चेतून एक प्रश्न हमखास निघतो: इंग्रजांचे राज्य झाले नसते तर ही शाळा असती काय? उत्तर वाटते तितके सोपे नाही. विल्यम केरी यांना कंपनीच्या मुलखात धर्मकार्यास मोकळीक नव्हती, म्हणून ते डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपुरी राहिले. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले, तेव्हा पुण्यास पेशवाई नांदत होती.

ज्यांना या विषयावर स्वतः लिहून पाहावयाचे असेल, त्यांनी पानिपतची ती गोळी जेथे लागली तेथेच राहू द्यावी. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव क्षयाने वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते. या अकालमृत्यूने झालेली हानी पानिपतापेक्षा कमी नव्हती, असा अभिप्राय ग्रँट डफसारख्या ब्रिटिशानेही दिला आहे. त्यांना आणखी वीस वर्षे द्यावीत. मग १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून होत नाही. राघोबादादांना इंग्रजांच्या आश्रयास जाण्याचे निमित्त मिळत नाही. वडगावची लढाईच होत नाही, आणि १७८० साली कल्याणही पडत नाही. त्यानंतर उल्हास नदीच्या काठी काय काय घडले असते, हे कुळगावच्याच कोणा विद्यार्थ्याने अगर विद्यार्थिनीने पुढील वार्षिकांकासाठी लिहून द्यावे.