विश्लेषण : बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर वजनाचा काटा थांबला, म्हणजे शस्त्रक्रिया फसली का?

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने वजनकाट्यावर उभे राहायला हुरूप येतो. दर आठवड्याला आकडा खाली. मग एक दिवस तो थांबतो. महिना उलटतो, तरी काटा हलत नाही. घरातून विचारणा सुरू होते, ‘एवढे पैसे घालून उपयोग काय झाला?’ ‘आपणच कुठेतरी चुकलो’ असे वाटून अनेक जण नेमके याच वेळी डॉक्टरांकडे जाणे टाळतात. खरे तर तेव्हाच जायला हवे.

वजन नेमके कधी थांबते?

साधारणपणे दोनदा. पहिला थांबा शस्त्रक्रियेनंतर दोन ते चार आठवड्यांत येतो. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवते आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. खाणे एकदम कमी झाले की आधी हा साठा संपतो, पाणी निघून जाते आणि वजन झरझर उतरते. पुढे पाण्याचा समतोल सावरू लागला की काटा अडतो. आत चरबी मात्र कमी होतच असते. हा थांबा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत सुटतो.

दुसरा थांबा एक ते दीड वर्षानंतर येतो. ‘प्लॅटो’ हा शब्द खऱ्या अर्थाने लागू होतो तो इथे.

शरीर असे का करते?

हा साधा हिशेब आहे. विश्रांतीच्या स्थितीत शरीराला किती ऊर्जा लागते, हे काढण्यासाठी आहारतज्ज्ञ मिफ्लिन-सेंट जिऑर हे सूत्र वापरतात. त्यात वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० कॅलरी धरल्या जातात. समजा, वजन ११० वरून ८० किलोवर आले. म्हणजे नुसते बसून राहण्यासाठी लागणारी ऊर्जाच दिवसाला ३०० कॅलरींनी घटली. शिवाय हलके शरीर चालताना, जिना चढतानाही कमी ऊर्जा खर्च करते. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वी ज्या आहारावर वजन उतरत होते, त्याच आहारावर आता ते स्थिर राहते.

दुसरे कारण भुकेचे. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः याच भागात तयार होते, म्हणून सुरुवातीला भूक लागतच नाही. कालांतराने ती काही प्रमाणात परतते आणि एका वेळी थोडे जास्त खाता येऊ लागते.

दीर्घकाळात काय होते?

स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के होती. म्हणजे ११० किलोच्या माणसाचे आधी ३५ किलो उतरले, त्यातले सात-आठ परत आले, पण २७ किलो उतरलेलेच राहिले. शस्त्रक्रिया न केलेल्या गटापेक्षा या अभ्यासातील शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूही कमी झाले. आपल्याकडे सर्रास होणारी स्लीव्ह त्या अभ्यासात नव्हती; पण आधी मोठी घट, मग थांबा आणि थोडी वाढ, हा क्रम तिच्यातही दिसतो.

ताटात काय तपासायचे?

आठवडाभर खाल्लेले सगळे लिहून काढा. साखरेचा चहा, त्यासोबतची बिस्किटे, येता-जाता तोंडात टाकलेला चिवडा, सरबत, आइस्क्रीम हे पदार्थ लहान झालेल्या पोटातूनही सहज सरकतात. पोट भरत नाही, कॅलरी मात्र जातात. उलट मटकीची उसळ, अंडी, पनीर, मासे पोटात टिकतात.

दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने ही सर्वसाधारण शिफारस आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम मिळतात, यावरून अंदाज येईल. प्रथिने आधी खा, पोळी-भात नंतर. जेवणानंतर अर्धा तास पाणी पिऊ नका. नुसते चालणे पुरत नाही. स्नायू टिकवण्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचे किंवा रबर बँडचे व्यायाम हवेत.

एक चूक टाळा : काटा थांबला म्हणून उपास सुरू करू नका. त्याने स्नायू झडतात आणि ऊर्जेची गरज आणखी घटते. ‘पाच दिवस द्रव आहार घ्या, पोट पुन्हा लहान होईल’ या व्हॉट्सॲपवरच्या सल्ल्याला वैद्यकीय आधार नाही.

डॉक्टरांना कधी गाठायचे?

वजन सलग वाढू लागले, पूर्वीपेक्षा बरेच जास्त खाल्ले जाऊ लागले किंवा सतत ॲसिडिटी होत असेल तर थांबू नका. वारंवार उलट्या किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर ताबडतोब जा. ही जीवनसत्त्वांच्या गंभीर कमतरतेची खूण असू शकते. थायरॉइड तपासा. इन्सुलिन, स्टेरॉइड आणि नैराश्यावरील काही औषधांनी वजन वाढते, तेव्हा चालू औषधांची यादी सोबत न्या. सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड ही इंजेक्शने आता भारतात मिळतात आणि शस्त्रक्रियेनंतरही काही रुग्णांना दिली जातात. पण ती मनाने घ्यायची गोष्ट नाही.

जबाबदारी एकट्या रुग्णाची?

नाही. जाहिरातींतली ‘आधी-नंतर’ छायाचित्रे बहुधा सर्वाधिक वजन उतरलेल्या काळातली असतात. त्यानंतरचे वर्ष कोणी दाखवत नाही. विम्यातही डिस्चार्जनंतरचा खर्च ठरावीक दिवसांपुरताच मिळतो. आहारतज्ज्ञाची फी आणि रक्ततपासण्या पुढे खिशातूनच भराव्या लागतात. लठ्ठपणा हा आयुष्यभराचा आजार मानायचा, तर उपचारही तितकेच लांब चालायला हवेत. म्हणूनच शस्त्रक्रियेचे पॅकेज ठरवताना ‘किती किलो उतरतील?’ याबरोबर ‘दोन वर्षांनी मला कोण तपासणार आणि त्याचे पैसे किती?’ हेही विचारा.

आणि काटा थांबलाच असेल, तर रक्तातील साखर, रक्तदाब, घोरणे, गुडघेदुखी यांत काय फरक पडला ते आधी पाहा. शस्त्रक्रिया त्यासाठीही केली होती. मग पुढची अपॉइंटमेंट घ्या.