रंगाच्या हौदापासून रसायनशाळेपर्यंत

सुरतेच्या दक्षिणेस, उधना आणि सचिन या दोन स्थानकांच्या मध्ये भेस्तान नावाचे स्थानक आहे. त्या परिसरातील वस्त्यांतून हिंडणाऱ्याच्या कानी मराठी पडते, अहिराणी पडते. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने येऊन सुरतेत स्थिरावली, आणि पांडेसरा व सचिन येथील रंगाई-छपाईच्या गिरण्यांत त्यांच्यापैकी कित्येकांच्या हातांना काम मिळाले. या कामगारांच्या मुलामुलींनी विद्यापीठात जाऊन रसायनशास्त्र व औषधनिर्माणशास्त्र शिकावे की नाही, हा प्रश्न वरकरणी ज्याच्या त्याच्या घरचा दिसतो. आमच्या मते तो सर्व समाजाचा आहे, आणि जीवनमरणाचा आहे.

६ जानेवारी २०२२ रोजी सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधील रसायन चोरून नाल्यात सोडले जात होते. त्यातून उठलेल्या विषारी वायूने सहा कामगारांचे प्राण घेतले. कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. मृतांचा यात काडीचाही दोष नव्हता. अपराध रसायन ओतणाऱ्यांचा आणि डोळ्यांवर कातडे ओढून बसलेल्यांचा! परंतु लोह सल्फाइडवर आम्ल पडले म्हणजे हायड्रोजन सल्फाइड हा प्राणघातक वायू निघतो, ही गोष्ट रसायनशाळेत पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी शिकवतात. ज्या वस्तीच्या दाराशी अशी द्रव्ये रात्रंदिवस वाहतात, त्या वस्तीत त्यांचा स्वभाव ओळखणारी माणसे नसावीत, याहून मोठे दुर्दैव कोणते?

गिरणीतला कामगार रोज 'हायड्रो' आणि 'कॉस्टिक' हाताळतो. पॉलिएस्टरचे कापड रंगवून झाल्यावर वर राहिलेला रंग या दोहोंनी धुतला जातो, हे त्याला ठाऊक असते. पण हायड्रोच्या डब्यात ओल शिरली तर तो आपोआप तापून पेट का घेतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. हात त्याचे आणि ज्ञान दुसऱ्याचे, अशी ही वाटणी आहे. ही वाटणी मोडायची असेल तर त्याच्या मुलाने डाइंग मास्तरचा हुकूम झेलण्यापुरते न थांबता त्या हुकमामागील शास्त्र हस्तगत केले पाहिजे.

औषधनिर्माणशास्त्राकडे आमच्या समाजाचा ओढा आहे, ही समाधानाची गोष्ट होय. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची पदवी, आणि मग औषधांचे दुकान, हा हिशेब पुष्कळ पालक मांडतात. हिशेब वाईट नाही, अपुरा आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमान्वये नोंदणीकृत औषधतज्ज्ञावाचून इतर कोणासही चिठ्ठीवरील औषध देता येत नाही. तरीही प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले आणि त्याचा धनी भलतीकडेच, असा भाडोत्री प्रकार राजरोस चालतो. ज्या मुलीने औषधांची शरीरावरील क्रिया शिकण्यात चार वर्षे घालविली, तिने आपले नाव महिन्याच्या चार दमड्यांसाठी भाड्याने द्यावे काय? ते नाव रुग्णाच्या जिवाचे तारण आहे.

आता मुख्य अडचणीकडे वळू. सुरत महानगरपालिका मराठी प्राथमिक शाळा चालविते, याबद्दल तिला धन्यवाद दिले पाहिजेत. पण मराठीत धडा गिरवलेले मूल जसजसे वर चढते तसतशी त्याची भाषा मागे पडते, आणि विद्यापीठात तर शास्त्र इंग्रजीतूनच त्याच्यापुढे येते. मूल बुद्धीने कमी पडत नाही, ते शब्दापाशी अडते. आणि भोवतालचे लोक निदान करतात की, याला शास्त्र झेपत नाही!

हे निदान खोटे आहे, याचा दाखला सुरतेनेच दिला आहे. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे १८६३ साली याच नगरीत जन्मले. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्यांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन उभारले, रंगविद्या व रसायनविद्या देशी भाषांतून शिकविण्याचा आग्रह धरला. पुढे १९०७ साली ॲलेम्बिक हा रसायनांचा कारखाना स्थापन झाला, तेव्हा गज्जरांसमवेत अमीन होते तसेच कोटिभास्करही होते. गुजराती बुद्धी, मराठी राजा आणि दोन्ही भाषांची माणसे यांनी मिळून ही विद्या या भूमीत रुजविली. मराठी मुलाने तिच्यावर हक्क सांगणे म्हणजे परक्याच्या ताटातला घास मागणे नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. इंग्रजी सोडा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जगाचे रसायनशास्त्र त्या भाषेत आहे आणि ती आलीच पाहिजे. पण पहिल्या वर्षी इंग्रजी संज्ञेशेजारी मराठी संज्ञा ठेवणारे वर्ग वस्तीवस्तीत निघावेत. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने रसायनशास्त्राचा परिभाषा कोश केव्हाच सिद्ध केला आहे. तो भेस्तानच्या वाचनालयात का नसावा? सुरतेच्या विद्यापीठाला गुजराती शब्दकोश रचणाऱ्या कवी नर्मदाचे नाव आहे. शब्दाचे मोल त्या विद्यापीठास वेगळे समजावून सांगावे लागू नये.

वाचकहो, घरी एक भाषा आणि विद्यालयात दुसरी, हे दुखणे तुमच्याही परिचयाचे आहे. त्यामुळे भेस्तानची ही कथा तुम्हांस दूरची वाटणार नाही. शिकलेला मुलगा बापाच्या वस्तीला विसरतो, असा आक्षेप काहीजण घेतात. विसरणारे विसरतील. पण एखादी पदवीधर मुलगी जरी गिरणीच्या फाटकाशी उभी राहून पिंपावरची चिठ्ठी वाचून दाखवील आणि "बाबा, याला हातमोज्याशिवाय शिवू नका" असे सांगेल, तरी त्या पदवीचा खर्च वसूल झाला असे आम्ही समजू.