सुधाकर सर्वांना ठाऊक आहे, भगीरथाचे काय?

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले. सावनेर नागपूर जिल्ह्यातच असल्याने गडकऱ्यांवर आपला थोडा अधिक हक्क आहे अशी आम्हा नागपूरकरांची एक भाबडी समजूत असते. त्या हक्काने ‘एकच प्याला’ मी गेली वीस वर्षे शिकवीत आलो आहे आणि त्या वीस वर्षांत एक चूकही सातत्याने करीत आलो आहे. ती माझ्या एकट्याची नाही, म्हणूनच ती येथे मांडतो.

सुधाकर वकील आहे. न्यायालयात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो, वकिलीची सनद काही काळासाठी जाते आणि त्या अपमानाच्या जखमेवर तळीराम पहिला प्याला ओततो. पुढचे सर्वांना पाठ आहे. सुधाकरची शोकात्मता, सिंधूचे पातिव्रत्य, तळीरामाचा विनोद, भाषेचा अलंकारसोस यांवर आपण तास घेतो, प्रबंध लिहून घेतो. पण याच नाटकात भगीरथ नावाचा आणखी एक मद्यपी आहे. प्रेमभंगाने तो प्याल्याकडे वळला आहे आणि डॉक्टर रामलालच्या सहवासात तो त्यातून बाहेर येतो. नुसता बाहेर येत नाही, कामाला लागतो. मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत प्रसिद्ध दारुड्याच्या शेजारीच दारू सुटलेला माणूस उभा असताना आमच्या समीक्षेने त्याला ‘दुय्यम पात्र’ म्हणून दोन ओळींत वाटेला लावले. तो कसा सुटला, त्याला कोणी धरून ठेवले, पहिल्या आठवड्यात त्याचे काय झाले, हे प्रश्न गडकऱ्यांनीही फारसे विचारले नाहीत आणि आम्ही तर मुळीच नाही.

पडणाऱ्या माणसाकडे डोळे भरून पाहायचे आणि त्याला उचलणाऱ्याकडे पाठ फिरवायची, ही खोड साहित्यापुरती राहिली असती तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. आमच्या न्यायव्यवस्थेलाही तीच आहे, असे माझे म्हणणे आहे.

अमली पदार्थांविषयीचा आपला कायदा (बोलीत ‘एनडीपीएस’) १९८५ चा. तो कठोर म्हणून प्रसिद्ध आहे आणि ते खरेही आहे. परंतु त्याच कायद्यात कलम ३९ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस व्यसनी असेल, तर त्याचे वय, वर्तन, शारीरिक व मानसिक अवस्था पाहून न्यायालय त्याला तत्काळ तुरुंगात न धाडता, त्याच्या संमतीने आणि बंधपत्रावर, सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचारासाठी पाठवू शकते. वर्षाच्या आत त्याने न्यायालयापुढे हजर होऊन उपचाराच्या फलिताचा अहवाल द्यायचा. कलम ६४अ त्याच्याही पुढे जाते. अशा आरोपीने स्वतःहून उपचार घेतले तर त्याच्यावर खटलाच चालत नाही. मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते.

आता साहित्याच्या विद्यार्थ्याने विचारावा असा साधा प्रश्न. कलम ३९ मधल्या त्या अहवालाचा लेखक कोण? कायदा त्याविषयी मौन बाळगतो. रात्री तीन वाजता अंगात कळा आलेल्या मुलाशेजारी बसणारा, घरच्यांची खोटी फोनवचने ओळखणारा, चौथ्या दिवशी ‘मी बरा झालो, मला सोडा’ म्हणणाऱ्याला गोड बोलून पाचव्या दिवसापर्यंत नेणारा जो कोणी आहे, त्याच्या शब्दावर एका माणसाचा तुरुंग किंवा सुटका अवलंबून ठेवली आहे. आणि त्याला न्यायालयात ना आसन, ना आवाज.

काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांबरोबर मी न्यायालयात गेलो होतो. मुलाजवळ थोडा गांजा सापडला होता. सल्ला मिळाला तो असा : “गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा.” कलम ३९ चा उच्चार कोणीही केला नाही. मीही केला नाही, कारण मला ते तेव्हा ठाऊकच नव्हते. दंड भरला. पुढच्या पावसाळ्यात तो मुलगा पुन्हा त्याच पोलीस ठाण्यात होता, आणि या वेळी पदार्थ गांजा नव्हता.

अमेरिकेत १९८९ मध्ये मायामी येथे पहिले ‘ड्रग कोर्ट’ निघाले. तेथे न्यायाधीश आरोपीला एकदाच शिक्षा सुनावून विसरत नाही, पुनःपुन्हा बोलावून त्याची खुशाली विचारतो. नॅशव्हिलचे न्यायाधीश सेथ नॉर्मन यांनी तर न्यायालयालाच जोडून निवासी केंद्र उभे केले. न्यू जर्सीने २०२२ पासून या न्यायालयांचे नावच ‘रिकव्हरी कोर्ट’ केले. या प्रयोगांवर टीकाही आहे. उपचार तुरुंगाच्या धाकाने घ्यावे लागतात आणि जो मध्येच गळतो त्याच्या वाट्याला कधी मूळ शिक्षेहून अधिक येते, हा आक्षेप गंभीर आहे. तो मला मान्य आहे. पण त्याचे उत्तरही केंद्र चालवणारी माणसे कशी आहेत यावरच ठरते. धाक देणारा कोण आणि धीर देणारा कोण, हे ज्याला कळते त्याच्या हाती केंद्र असावे लागते.

तशी माणसे आपल्याकडे नाहीत काय? अनिल अवचटांच्या ‘गर्द’विषयीच्या लेखनाने पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. अवचट लेखक म्हणून आम्हाला ठाऊक आहेत, अभ्यासक्रमातही आहेत. पण ते केंद्र दिवसेंदिवस चालवले ते डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी, १९९७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत. नंतर मुक्ता पुणतांबेकर यांनी ती धुरा उचलली. तेथे काम करणाऱ्यांत एकेकाळी रुग्ण म्हणून दाखल झालेली माणसे मोठ्या संख्येने आहेत. मारहाण नाही, साखळदंड नाही. पत्नींसाठी वेगळा ‘सहचरी’ गट आहे. म्हणजे भगीरथ, रामलाल आणि सिंधू यांना एका छपराखाली जागा देणारी ही संस्था. आमच्या किती मराठी विभागांनी तिच्याकडे ‘सामाजिक आशयाचे ललित गद्य’ या खणाबाहेर काढून पाहिले?

‘अशी केंद्रे म्हणजे छळछावण्या’ असे कोणी म्हणेल. परवाना नसलेल्या केंद्रांतील मारहाणीच्या बातम्या येतात आणि त्या खोट्या नसतात. पण हा युक्तिवाद नेमका कोणाच्या बाजूचा आहे? चांगल्या माणसांना न्यायालयाने कधी ओळखले नाही, त्यांना मानधनावर आणि अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून ठेवले, म्हणून तर ती जागा दंडुकेवाल्यांनी घेतली. ‘एम्स’च्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ माणसांपैकी एकालाच काही तरी उपचार मिळतात आणि दाखल होऊन उपचार घेणारा १८० मध्ये एक. विदर्भात आम्ही वर्ध्याची दारूबंदी पाहिली, गडचिरोलीची पाहिली, चंद्रपूरची २०१५ मध्ये आलेली आणि २०२१ मध्ये उठलेली पाहिली. बाटली बंद करायची की उघडायची यावर सभा गाजल्या. बाटली सुटल्यावर माणसाने राहायचे कोठे, यावर एकही गाजल्याचे स्मरत नाही.

गंमत अशी की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मनोवस्थांना आजारांत गणले आहे. म्हणजे एकाच देशात तोच माणूस एका कायद्याने रुग्ण आणि दुसऱ्याने गुन्हेगार. या दोन कायद्यांमधला पूल कलम ३९ होऊ शकते. त्यासाठी नागपुरात नवे न्यायालय बांधण्याची गरज नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या टेबलावर मान्य केंद्रांची यादी असावी, त्या केंद्राचा समुपदेशक सुनावणीला बसावा, आणि आरोपीला कलम ३९ व ६४अ त्याच्या भाषेत, म्हणजे मराठीत किंवा हिंदीत, समजावून सांगणे सक्तीचे असावे. हे शेवटचे काम आम्हा भाषेच्या लोकांनी अंगावर घ्यायला हरकत नसावी. कायद्याचे मराठी भाषांतर वाचून आरोपीला काही कळत असेल असे मला तरी वाटत नाही.

तूर्त माझ्या हाती आहे ते मी करणार आहे. ‘एकच प्याला’वर दरवर्षी सुधाकरच्या शोकात्मतेचा प्रश्न पडतो. अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी भगीरथावर पंधरा गुणांचा प्रश्न सुचवीन. ‘पाठ्यपुस्तकात यावर पुरेसे साहित्य नाही’ असे उत्तर मिळेल हेही मला आत्ताच दिसते आहे.