रुमाल गळ्यातच राहिला

गेल्या पावसाळ्यात विंचूर-प्रकाशा रस्त्यावर आमच्या फाट्याजवळ एक मोटारसायकलवाला घसरून पडला. मी कॉलेजहून घरी चाललो होतो. त्याच्या मांडीतून रक्त वाहत होते. बघता बघता वीस-पंचवीस माणसे जमली. कोणी म्हणाले, "पोलीस केस आहे, हात लावू नका." कोणी त्या बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू लागले. शेजारच्या मळ्यातले एक म्हातारे बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, तू कॉलेजमा जास ना? सांग, काय करानं?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. पण त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अखेर त्याला हातापायांना धरून कांद्याच्या पिकअपमध्ये टाकले. वाटेतच तो गेला. तो वाचला असता की नाही, हे मी सांगू शकत नाही. मात्र वाहत्या जखमेवर कापड घट्ट दाबून धरायचे असते, हे मला नंतर कळले. माझा रुमाल त्या वेळी माझ्या गळ्यातच होता.

विद्यार्थी मित्रांनो, तेव्हापासून मला डॉ. द्वारकानाथ कोटणीस वारंवार आठवतात. व्ही. शांतारामांच्या 1946 सालच्या चित्रपटामुळे त्यांचे नाव आपण ऐकलेले असते. सोलापूरचा हा तरुण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला आणि पुढच्या शिक्षणाची तयारी करीत होता. ते अर्धवट टाकून 1938 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून जपानी आक्रमणाखालच्या चीनमध्ये गेला. नागपूरचे डॉ. चोळकरही त्या पथकात होते.

उत्तर चीनच्या डोंगराळ भागात जखमी सैनिकांना दूरच्या इस्पितळात नेईपर्यंत ते दगावत. म्हणून डॉक्टरांनीच आघाडीजवळ जावे, ही पद्धत कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी तेथे पाडली होती. खेड्यातले घर किंवा देऊळ हेच शस्त्रक्रियेचे ठिकाण. 1939 मध्ये बेथ्यून वारले. पुढे त्यांच्या नावाच्या इस्पितळाची धुरा कोटणिसांनी वाहिली. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेही गेले.

त्यांचा त्याग मोठा खराच. पण मला त्यांची दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. ते चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत तिथल्या तरुणांना वैद्यक शिकवू लागले. चार-दोन डॉक्टरांनी भागणार नाही, शिकलेले हात वाढले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते.

कोणी म्हणेल, हे काम डॉक्टरांचे. कला शाखेच्या मुलांचा त्यात काय संबंध? महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तिच्यात डॉक्टर असतो, हे खरे. पण साल्हेर-मुल्हेरकडच्या वाड्यापाड्यांवर गाडी पोहोचायला वेळ लागणारच. आणि भळभळा रक्त जाणारा माणूस काही मिनिटांतही दगावू शकतो. ती मिनिटे डॉक्टरांच्या हाती नसतात, जवळ उभ्या असलेल्यांच्या हाती असतात. पोलिसांची भीतीही आता निराधार आहे. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्यातलाच एक दिवस प्रथमोपचारासाठी द्यावा, अशी माझी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे. रक्त कसे थांबवावे, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसे वळवावे, मोडलेला पाय न हलवता कसा बांधावा, एवढे तरी प्रत्येकाला यावे.

आपल्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन आपल्याला शिकायला पाठविले आहे. गावाला वाटते, या पोराला काहीतरी कळत असेल. त्या बाबांनी मला विचारले, ते याच विश्वासाने. तो विश्वास मी खोटा ठरविला. निदान तुम्ही ठरवू नका.

— द्वितीय वर्ष, कला