जरा बस की!

आपल्या वस्तीत कुणाचे निधन झाले की खांदा द्यायला माणसे कमी पडत नाहीत. पुण्यानुमोदनाला मंडप पुरत नाही. पण तोच माणूस सहा महिने अंथरुणाला खिळून होता, तेव्हा त्याच्याकडे आपल्यापैकी किती जण गेले?

हा प्रश्न मी आधी स्वतःलाच विचारतो. आमच्या गल्लीत १९८२ च्या गिरणी संपात नोकरी गेलेले एक काका आहेत. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेली. जयंतीच्या वर्गणीसाठी मी दोन वर्षे त्यांच्या दारात गेलो, पावती फाडली आणि उंबऱ्यावरूनच परतलो. तिसऱ्या वर्षी ते म्हणाले, "अरे, पावती फाड, पण जरा बस की!" ते शब्द जिव्हारी लागले.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून खाटेवर निजवले. इतर भिक्खूंना विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की तो आमच्या काही कामाचा नाही. त्यावर भगवंतांनी सांगितले की, तुमचे आईबाप इथे नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

आनंदांना वाटे, चांगला मित्र म्हणजे अर्धे धम्मजीवन. तथागतांनी दुरुस्ती केली : अर्धे नव्हे, संपूर्ण. बाबासाहेबांनाही असे मित्र लाभले. १९२० साली ते पुन्हा लंडनला शिकायला निघाले, तेव्हा पारशी मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले.

आता रविवारी मी काकांकडे तासभर बसतो. अभ्यासवर्गातली दोन मुलेही येतात. ती पेपर वाचून दाखवतात, काका त्यांना संपाच्या हकिकती सांगतात. दुखणे तेच, औषधेही तीच; पण रविवारी काका दाढी करून वाट पाहतात. कुणाला तरी आपले ऐकायचे आहे, एवढ्यानेही माणसाला उद्याचा दिवस हवासा वाटतो. आणि खरे सांगायचे तर माझाही रविवार आता रिकामा जात नाही.

बंधु-भगिनींनो, प्रत्येक विहारात देणगीदारांची यादी असते. तिच्या शेजारी वस्तीतल्या आजारी आणि एकट्या माणसांची यादी लावा. दर रविवारी दोन घरे. पावतीपुस्तक मात्र घरी ठेवून जा.

जयभीम!