त्याच्यासाठी तो मंगळवार होता

मारामारीचे इंग्रजी सिनेमे मुलांना पाहू द्यावेत की नाही, यावर पुष्कळ घरांत वाद होतो. आमचे मत असे की पाहू द्यावेत, मात्र आईबापांनी शेजारी बसावे. १९९४ सालचा ‘स्ट्रीट फायटर’ हा सिनेमा तर आईबापांनी जरूर पाहावा.

हा सिनेमा कादंबरीवरून घेतलेला नाही, व्हिडिओ गेमवरून घेतलेला आहे. जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या या खेळाचा दुसरा भाग १९९१ साली आला आणि त्याने जगभरच्या पोरांना वेड लावले. आपल्याकडच्या पार्लरांतही पोरे त्यावर नाणी उधळत. दोघे समोरासमोर उभे, लाथा, ठोसे, एक आडवा झाला की संपले. यातून कथा काय निघणार? पात्रांची नुसती जत्रा भरली आहे. नायक व्हॅन डॅम हा मूळचा बेल्जियमचा. अमेरिकन कर्नल म्हणून तोंड उघडतो आणि हसू येते. समीक्षकांनी सिनेमा झोडपला, गल्ला मात्र भरला. असो.

आम्हाला सांगायचे आहे ते खलनायकाविषयी. जनरल बायसन या हुकूमशहाचे काम राऊल हुलिया या नटाने केले. हा पोर्तो रिको बेटावरचा माणूस, जन्म १९४० चा. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर त्याने शेक्सपियर गाजवला. एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो यांनी गरिबांची बाजू घेतली म्हणून १९८० साली प्रार्थना चालू असताना त्यांना गोळी घातली गेली. पडद्यावर रोमेरो उभे केले ते यानेच. ब्राझीलच्या रबर कामगारांचे पुढारी चिको मेंडेस यांचाही १९८८ साली खून झाला. त्यांचीही भूमिका याचीच. असा नट या पोरखेळात कशाला आला? त्याची मुले या खेळाची भक्त होती, म्हणून. तेव्हा त्याला पोटाचा कर्करोग झालेला होता. शरीर इतके खंगले होते की त्याचे प्रसंग पुढे ढकलावे लागले. पण पडद्यावर कुठेही अंगचोरपणा नाही.

सिनेमात चुन-ली ही तरुणी बायसनसमोर उभी राहते. तिचे वडील गावचे न्यायाधिकारी. बायसनच्या गुंडांना त्यांनी गावकऱ्यांच्या साथीने पिटाळले, आणि पळता पळता बायसनने त्यांना गोळी घालविली. वीस वर्षे उरात धरलेले हे ती बोलून दाखवते. बायसन शांतपणे म्हणतो, मला यातले काही आठवत नाही. तुझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस असेल, माझ्यासाठी तो मंगळवार होता!

प्रेक्षक हसतात. आम्हाला हसू आले नाही. आम्ही कारकून माणसे, नोंदी ठेवण्यात जन्म गेला. गाव का सोडावे लागले हे आपल्या म्हाताऱ्यांना विचारा, वार, वेळ, दारात कोण कोण आले होते, सगळे सांगतील. ज्यांनी सोडायला लावले त्यांच्या वहीत ती नोंदच सापडणार नाही. रोमेरो आणि मेंडेस होऊन आलेल्या नटाला हे ठाऊक असणारच. म्हणूनच तो हे वाक्य ओरडून म्हणत नाही, अगदी सहज म्हणतो.

२४ ऑक्टोबर १९९४ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, हुलिया गेला. सिनेमा डिसेंबरात लागला आणि त्यालाच अर्पण केलेला आहे. मेंडेसच्या भूमिकेचा एमी पुरस्कार १९९५ साली, त्याच्या माघारी मिळाला.

मुलांबरोबर सिनेमा पाहिलात तर मारामारीच्या वेळी खुशाल चहा टाकायला उठा. त्या प्रसंगाला मात्र जागेवर असा.