आपला पेपर आपणच तपासला तर?



परवा वर्गात एका मुलीने विचारलं, “बाई, ही तापाची गोळी चांगली आहे, हे आधी कुणी ठरवलं?” प्रश्न एवढासा, पण उत्तर मोठं आहे बरं का!

नवं औषध आधी प्रयोगशाळेत तपासतात, मग प्राण्यांवर, मग थोड्या माणसांवर आणि शेवटी शेकडो-हजारो रुग्णांवर. रुग्णांचे दोन गट करतात. एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला जुनं औषध किंवा औषध नसलेली नुसती गोळी. कुणाला काय मिळालं, हे बहुतेक चाचण्यांत रुग्णालाही ठाऊक नसतं नि डॉक्टरांनाही. म्हणजे कुणाची बाजू घ्यायची सोयच नाही!

या चाचण्यांना वर्षानुवर्षं लागतात आणि कोट्यवधी रुपये. नव्या औषधांच्या बाबतीत हा खर्च बहुतेक वेळा औषध कंपनीच करते. त्यात वाईट काही नाही. त्यामुळेच कितीतरी गुणकारी औषधं आपल्यापर्यंत पोचली. पण बघा हं, पेपर लिहिणारी कंपनी आणि तो तपासून घेणारीही तीच!

याने काय होऊ शकतं? अमेरिकेतल्या मर्क कंपनीची ‘व्हायॉक्स’ ही सांधेदुखीची गोळी १९९९ साली बाजारात आली. २००० साली कंपनीच्याच खर्चाने झालेल्या, सुमारे ८,००० रुग्णांच्या चाचणीचा अहवाल छापून आला. पोटाला त्रास कमी, हे खरं ठरलं. पण जुन्या गोळीच्या गटापेक्षा या गटात हृदयविकाराचे झटके जास्त निघाले. कंपनीचं म्हणणं, आमची गोळी वाईट नाही, ती जुनी गोळीच हृदयाला जपते! विक्री चालूच राहिली. पुढे कळलं, की त्या अहवालात तीन झटके धरलेच नव्हते. २००४ साली कंपनीच्याच दुसऱ्या चाचणीत धोका स्पष्ट दिसला, तेव्हा तिने गोळी मागे घेतली. त्याच वर्षी भारतातही या औषधावर बंदी आली. तोवर जगभर कोट्यवधी लोकांनी ते घेतलं होतं.

मग यावर उपाय? परीक्षेआधीच हजेरीपटात नाव लागलं, की निकाल लपवता येत नाही ना? तसंच चाचणीची नोंद आधीच करायची. मोठ्या वैद्यकीय मासिकांनी २००५ पासून ठरवलं, की नोंद नसलेली चाचणी छापायची नाही. आपल्या देशात अशी नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून नोंद सक्तीची झाली. ती कुणालाही बघता येते.

तेव्हा औषधाला घाबरू नका. डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घ्या. पण ‘चाचणीत सिद्ध झालेले’ अशी जाहिरात दिसली, की आईबाबांना नक्की विचारा, “चाचणी कुणी केली? पैसे कुणी दिले?” त्यांना सांगता आलं नाही, तर दोघं मिळून शोधा.